जोडीतली एक गेली. शेवंतीला सोबत आणावी का?

अंत्रुजवासी (धागाकर्ता)

आमच्या घरी गेली सहा वर्षे दोन ओरांडा (डोक्यावर मांसल फुगा असलेल्या जातीच्या) गोल्डफिश होत्या. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती आणि तिनेच रंग पाहून त्यांची नावे ठेवली होती, नारिंगी होती ती आबोली आणि फिकट पिवळी ती शेवंती. गेल्या बुधवारी पहाटे आबोली तळाशी आडवी पडलेली दिसली. तोंड उघडे होते, कल्ल्यांची झाकणे ताठ फाकलेली होती आणि अंगावर जखम, ठिपका किंवा सूज काहीही नव्हते. मंगळवारी रात्री मोठा पाऊस होता आणि अकराच्या सुमारास गेलेली वीज सकाळी सहाला आली. आदल्या रविवारी मी टाकी स्वच्छ केली होती, म्हणजे नेहमीप्रमाणे चौथा हिस्सा पाणी बदलले होते आणि फिल्टरचा स्पंज धुतला होता.

टाकी २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १५ इंच उंच आहे. पाणी आमच्या विहिरीचे असते आणि ते काठापासून दोन इंच खाली ठेवतो.

खरी चिंता शेवंतीची आहे. बुधवारपासून ती मागच्या कोपऱ्यात, फिल्टरच्या नळीखाली, तोंड भिंतीकडे करून बसलेली आहे. दाणे टाकले तरी वर येत नाही. पूर्वी दिव्याचे बटण दाबल्याचा आवाज झाला की दोघी उजव्या कोपऱ्यात वर येऊन उभ्या राहत. मुलगी म्हणते की तिला एकटे वाटते आहे आणि आजच्या आज दुसरी आणा. बाजारात चौकशी केली तेव्हा दुकानदाराने बोटाएवढी एक गोल्डफिश आणि सोबत दोन शार्क घ्या, टाकी भरल्यासारखी दिसेल, असा सल्ला दिला. मी रिकाम्या हाताने परत आलो, परंतु घरात रोज हाच विषय निघतो. सोबत आणावी का, आणावी तर कोणती, आणि किती दिवसांनी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

मयेचे तळे

वाचून वाईट वाटले. माझे मत थोडे वेगळे आहे. एकटा मासा पेटीत झुरत ठेवण्यापेक्षा जवळच्या एखाद्या देवळाच्या तळीत किंवा घरच्याच विहिरीत सोडून द्यावा. मोकळे पाणी मिळेल आणि विहिरीतले डासही कमी होतील. आमच्या गावात अनेकांनी असे केलेले आहे.

काळुंदर

कृपया तसे करू नका. ज्यांनी केले त्यांनीही पुन्हा करू नये. गोल्डफिश ही चीनमध्ये हजारभर वर्षांपूर्वी कार्पच्या कुळातून माणसाने निवडून निवडून घडवलेली जात आहे. तळीत सुटली तर ती तळ उकरते, पाणी गढूळ करते, इतर माशांची अंडी खाते आणि टाकीतले रोग सोबत नेते. त्यातही ओरांडासारखा गोलमटोल, संथ मासा तळीत फार दिवस टिकणार नाही, खंड्याला तो आयताच मिळेल. डासांचे म्हणाल, तर त्यासाठी आपल्याकडे आपलाच मासा आहे. गोव्यात १९९० च्या दशकात मलेरियाच्या डासांविरुद्ध ज्या चाचण्या झाल्या, त्यांत अ‍ॅप्लोकायलस ब्लॉकी हा बोटाच्या पेरापेक्षा फारसा मोठा नसलेला स्थानिक मासा टाक्यांतून आणि विहिरींतून सोडला होता. त्यासाठी चिनी पाहुणी नको.

आता अंत्रुजवासी यांच्याकडे वळतो. सोबतीचा प्रश्न आज बाजूला ठेवा. आबोली कशाने गेली हे कळल्याशिवाय नवा मासा आणणे म्हणजे त्याच पाण्यात दुसरा बळी देणे आहे. मला तीन गोष्टी सांगा. स्पंज कोणत्या पाण्याने धुतला? हवेचा पंप वेगळा आहे की फिल्टरबरोबरच बंद पडतो? आणि अमोनिया, नायट्राइट, पीएच (पाणी किती आम्ल आहे त्याचे माप) यांचे आकडे काय आहेत? केवळ पीएच मोजण्याच्या पट्ट्या घरी असतील तर पाणी तपासण्याचा थेंबांचा संच आणा. त्याचा खर्च नव्या माशापेक्षा थोडा अधिक होईल, पण तो आधी करा.

अंत्रुजवासी

संच आणला. अमोनियाच्या नळकांडीतले पाणी पिवळे राहायला हवे होते, ते पोपटी झाले. तक्त्याशी ताडून पाहिले असता ते लिटरमागे २ मिलिग्रॅम येते. नायट्राइट ०.५ आणि पीएच ६.४ आहे. पाण्याचे तापमान २९ अंश. हवेचा पंप आणि फिल्टर एकाच सॉकेटवर आहेत, त्यामुळे वीज गेली की दोन्ही बंद पडतात.

स्पंजाविषयी विचारलेत तेव्हा आठवले. एरवी मी तो टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळतो. त्या रविवारी पहिल्या पावसाने विहीर गढूळ झाली होती आणि आवारभर चिखल होता, म्हणून स्वयंपाकघरातील नळाखाली धरला आणि अगदी पांढरा होईपर्यंत धुतला. नळाला ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाचे पाणी येते. तसा धुतल्याचे मला त्या दिवशी समाधानच वाटले होते.

काळुंदर

मग बरेचसे उलगडले. ओपाच्या पाण्यात क्लोरीन असणारच, ते माणसांना पिण्यासाठी शुद्ध केलेले पाणी आहे आणि पावसाळ्यात त्यात क्लोरीन असणे आपल्याच हिताचे आहे. परंतु स्पंजाच्या भोकांत जे जिवाणू वस्ती करून असतात, त्यांच्यासाठी तेच मारक ठरते. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो, जिवाणूंचा एक गट त्याचे नायट्राइट करतो आणि दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट करतो, जे त्या मानाने निरुपद्रवी असते. ही वस्ती नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तुम्ही ती पाच मिनिटांत नळाखाली वाहून घालवलीत. रागावू नका, मी स्वतः हे दोनदा केलेले आहे आणि दुसऱ्यांदा तर कारण ठाऊक असताना.

तरी माझ्या मते आबोलीचा जीव अमोनियाने नव्हे, तर प्राणवायूच्या अभावाने गेला. पाणी २० अंशांवर असताना लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांवर साडेसातच्या आसपास. म्हणजे आपल्याकडे जूनच्या रात्री मुळातच हात आखडता असतो. त्यात सात तास पंप बंद, पाण्याचा पृष्ठभाग स्थिर, आणि टाकीत वनस्पती असतील तर अंधारात त्याही प्राणवायूच घेतात. उघडे तोंड आणि फाकलेले कल्ले ही गुदमरल्याची खूण आहे. आबोली दोघींत मोठी होती का? तळ्यांतून मासे पाळणारे लोक सांगतात की हवा संपते तेव्हा आधी मोठी मासळी जाते, कारण तिची गरज जास्त असते. लहान मासा तग धरून राहतो, आणि मग आपण त्याला एकटा पडलेला म्हणतो.

अंत्रुजवासी

होय, आबोली दीडपट मोठी होती. डोक्यावरचा फुगाही तिचाच मोठा होता.

जांभ्याची विहीर

मी सत्तरी तालुक्यात राहतो आणि माझीही टाकी विहिरीच्याच पाण्यावर चालते. ६.४ हा पीएच पाहून मला नवल वाटले नाही. जांभ्यातून झिरपलेले पाणी मऊ असते, त्यात चुन्याचा अंश फारच थोडा असतो, त्यामुळे टाकीत ते हळूहळू आम्ल होत जाते आणि एका पातळीखाली ते जिवाणूही मंदावतात. मी यावर घरचाच उपाय करतो. तिसऱ्या या शिंपल्यांची कवचे उकळून, घासून, उन्हात वाळवून ओबडधोबड कुटायची आणि मूठभर एका जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये ठेवायची. पीएच आठवड्याभरात सातच्या वर येतो आणि तिथेच राहतो. गोल्डफिशला तसेही थोडे जड पाणीच मानवते. आजच पिशवी घाला.

काळुंदर

शिंपल्यांचा उपाय उत्तम आहे, मात्र ‘आजच’ या शब्दाला माझी हरकत आहे. अमोनियाचा विषारी हिस्सा पीएचवर अवलंबून असतो. ६.४ ला, २९ अंशांच्या पाण्यात, एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो. पीएच ८ ला तोच हिस्सा सहा-सात टक्क्यांवर जातो. म्हणजे या क्षणी शेवंतीला तिच्या आम्ल पाण्यानेच वाचवलेले आहे. अमोनिया २ असताना पीएच चढवला तर घरी बसल्या आपणच विष तयार करू. आधी अमोनिया खाली आणा, शिंपले नंतर.

आता काय करायचे ते सांगतो. रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. विहिरीचे पाणी थेट ओतू नका. जमिनीच्या खोलातून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, म्हणून ते बादलीत रात्रभर पंपाने खळखळवा. तुमची टाकी १३ इंच भरते, म्हणजे हिशेबाने ६१ लिटर, खडे आणि दगड वजा जाता ५५ धरा. लिटरला १ ग्रॅम या प्रमाणात ५५ ग्रॅम मीठ एका तांब्यात विरघळवून दिवसभरात तीन वेळा थोडे थोडे घाला. मिठातल्या क्लोराइडमुळे नायट्राइट कल्ल्यांवाटे रक्तात शिरण्यास अटकाव होतो. पुढे पाणी बदलताना जेवढे काढाल तेवढ्याच हिशेबाने मीठ घाला, पुन्हा ५५ नव्हे. दाणे तीन दिवस पूर्ण बंद. खाल्ले नाही तर अमोनियाही कमी होतो, आणि सहा वर्षांची गोल्डफिश तीन दिवसांच्या उपासाने मरत नाही.

अंत्रुजवासी

मीठ पुरुमेंताचे (पावसाळ्याच्या बेगमीचे), मिठागरातले जाडे आहे. ते चालेल का? बाजारचे बारीक मीठ घरात आणतच नाही.

काळुंदर

उलट चांगलेच. गाळून घ्या, तळाशी चिखलाचा गाळ असतो.

साळकाठची

पाण्याविषयी वरील मंडळींनी जे सांगितले त्याला माझा विरोध नाही, ते सर्व करावेच. परंतु शेवंती कोपऱ्यात तोंड करून बसली आहे ती केवळ अमोनियामुळे, असे जे सुचवले जात आहे ते मला पटत नाही. माझ्याकडे कोकम नावाचा एक ओरांडा आहे. गेल्या वर्षी त्याची सोबतीण म्हातारपणाने गेली. तेव्हा पाणी उत्तम होते, आकडे सर्व शून्य होते, तरीही हा पंधरा दिवस एकाच जागी तरंगत राहिला. अजूनही तो पूर्वीसारखा खेळत नाही. काचेत स्वतःचे प्रतिबिंब पडते त्या बाजूला तासन्‌तास उभा राहतो.

मासे काही वाटून घेत नाहीत, तीन सेकंदांत विसरतात, ही समजूत आता कुणी जाणता माणूस धरत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ पासून लागू असलेल्या प्राणीसंरक्षण नियमावलीत, समूहाने राहणाऱ्या प्राण्यांना स्वजातीयांचा सहवास मिळाला पाहिजे, असे कलमच आहे. मुलगी म्हणते ते बालिश म्हणून सोडून देऊ नका.

काळुंदर

ताई, मुलीला बालिश म्हणण्याचे माझ्या मनातही नाही. विसराळूपणाच्या गोष्टीवरही आपण एकमत आहोत. गोल्डफिशला खाण्याची वेळ आणि जागा शिकवता येते आणि ती महिनोन्‌महिने लक्षात राहते. दिव्याच्या बटणाचा आवाज ऐकून वर येणे हे त्याचेच उदाहरण आहे. प्रश्न एवढाच आहे की जोडीदार गेल्याचे दुःख आणि सोबत नसल्याची अस्वस्थता या दोन गोष्टी आपण एक मानाव्या का.

२०१९ मध्ये फ्रान्समधील बुर्गोन्य विद्यापीठातल्या संशोधकांनी कॉन्व्हिक्ट सिक्लिड या माशांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. माद्यांना झाकणाच्या डब्या उघडायला शिकवले होते. एका रंगाच्या झाकणाखाली खाऊ असे, दुसऱ्या रंगाच्या झाकणाखाली काहीच नसे. मग अधल्यामधल्या, राखाडी झाकणाची डबी समोर ठेवली. मादीने पसंत केलेला नर तिच्यापासून दूर केल्यावर ती राखाडी डबीकडे जायला पूर्वीपेक्षा अधिक वेळ लावू लागली, जणू आत काही नसेलच असे धरून चालत होती. हे वाचून मीही बराच वेळ माझ्या टाकीसमोर बसून राहिलो होतो. परंतु ते मासे जोडी बांधून राहणारे आहेत. नर आणि मादी मिळून अंडी राखतात, पिले वाढवतात. आपल्याकडच्या काळुंदर या माशाच्या कुळातलेही तसेच. त्याचा धाकटा भाऊ म्हणावा असा जो नारिंगी क्रोमाइड, त्याची पिले आईबापांच्या अंगावरचा चिकट थर टिपून खातात. माझ्याकडच्या जोडीतली मादी गेली तेव्हा नर चार दिवस रिकाम्या कौलाच्या तुकड्यावर पहारा देत होता. मी माझे इथले नाव काही उगाच घेतलेले नाही.

गोल्डफिशचे तसे नाही. ती अंडी घालते आणि वळून तीच खाते. ती कळपाची आहे, जोडीची नाही. तिला सोबत हवी हे मला मान्य आहे, मात्र ती सोबत आबोलीचीच हवी असे तिच्या बाजूने दिसत नाही. आबोलीच हवी, असे आपल्याला वाटत असते.

साळकाठची

तुम्ही पहारा देणाऱ्या नराला दुःख मानता आणि माझ्या कोकमच्या पंधरा दिवसांना अस्वस्थता म्हणता. शब्द वाटून देण्याचा अधिकार आपल्याकडे आहे म्हणून आपण देतो, एवढेच मी म्हणेन.

काळुंदर

याला माझ्याकडे उत्तर नाही. मान्य.

अंत्रुजवासी

आठ दिवसांचे सांगतो. अमोनिया ०.२५ आहे, नायट्राइट अजून ०.५ च्या आसपास अडकलेले आहे. चौथ्या दिवशी शेवंती कोपरा सोडून बाहेर आली आणि पाचव्या दिवशी सोललेला उकडलेला वाटाणा अर्धा खाल्ला. म्हणजे काळुंदर यांचे निदान बरोबर होते. तथापि साळकाठच्या ताईंचेही खोटे नाही, कारण पाणी सुधारूनही ती पूर्वीसारखी हिंडत नाही. दिव्याचे बटण दाबले की उजव्या कोपऱ्यात येते, पण वर येऊन उभी राहत नाही, अर्ध्या उंचीवर थांबते आणि मागे वळते.

वीज गेल्यावर काय करावे, हे कुणीतरी सांगा. या आठवड्यात तीन वेळा गेली.

जांभ्याची विहीर

बॅटरीवर चालणारा हवेचा पंप मिळतो, वीज गेली की आपोआप सुरू होणाराही मिळतो. तो येईपर्यंत पाण्याचा एक मग हाताशी घ्या. टाकीतलेच पाणी भरून वीतभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओता, पाच मिनिटे, दर अर्ध्या तासाने. सत्तरीत आम्ही पावसाळ्यात पाळ्या लावतो. पहाटे तीनची पाळी माझ्या वडिलांची असते, कारण त्यांना झोप येत नाही. आणि झाकण उघडे ठेवा, मात्र वर जाळी असू द्या.

काळुंदर

सोबतीविषयी आता बोलायला हरकत नाही. दुकानदाराने सांगितलेले दोन्ही टाळा. बोटाएवढा मासा शेवंतीच्या मानाने फारच लहान असतो, आणि जे तोंडात मावते ते गोल्डफिश कधी ना कधी तोंडात घेतेच. शार्क म्हणून विकतात तो बहुधा पंगस असतो, तो वाढून तीन फुटांहूनही मोठा होऊ शकतो आणि घाबरला की काचेवर आपटतो. काच साफ ठेवतो म्हणून सकर (काचेला तोंडाने चिकटणारा मासा) कुणी सुचवील, तोही नको. रात्री तो संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून तिचा चिकट थर खरवडतो. लांबुडक्या, एकेरी शेपटीच्या कॉमेट जातीच्या गोल्डफिशशीही जोडी लावू नका. त्या इतक्या चपळ असतात की ओरांडापर्यंत दाणा पोहोचतच नाही. साधारण त्याच आकाराचा, त्याच वेगाचा, दुहेरी शेपटीचा मासा हवा. आणि खरे सांगायचे तर ५५ लिटर दोघींनाही कमीच होते. तुम्ही सहा वर्षे नियमाने पाणी बदललेत म्हणून निभावले. जमले तर टाकी ३ फुटांची करा. नाही जमले तर दोनावर तिसरी नको.

साळकाठची

मी गेले चार दिवस लिहू की नको असा विचार करत होते. येत्या महिन्यात मी मडगावचे घर बंद करून पुण्याला मुलाकडे कायमची जात आहे. तिथे चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत टाकी ठेवण्यास जागा नाही. कोकम साडेसहा वर्षांचा आहे, ओरांडाच आहे, शेपटी धरून साडेपाच इंच भरेल. दुकानात परत द्यायचा नाही आणि अनोळखी माणसाला द्यायचा नाही, असे ठरवून बसले होते. त्याला पाणी साळावली धरणाचे, नळाचे, एक दिवस बादलीत हवा देऊन ठेवलेले लागते. आपण घ्याल का? पैसे नकोत. टाकीही घेऊन जा, ती अडीच फुटांची आहे.

अंत्रुजवासी

ताई, काय लिहावे ते सुचत नाही. घेऊ. मुलीला अजून सांगितलेले नाही, सांगितले तर ती आजच मडगावला निघेल.

काळुंदर

उत्तम. पण घाई नको. वर्षभर एकट्याने राहिलेला मासा निरोगीच असणार, असे सर्वांना वाटते, मलाही वाटते, तरीही चार आठवडे वेगळा ठेवा. प्रत्येक टाकीचे जंतू त्या टाकीतल्या माशाच्या अंगवळणी पडलेले असतात, दुसऱ्याच्या नव्हे. ५० लिटरचा प्लास्टिकचा टब पुरेल. ताईंच्या फिल्टरचा स्पंज ओला ठेवून मासा येईल त्याच दिवशी आणा आणि टबात तोच लावा, म्हणजे जिवाणूंची वस्ती आयती मिळेल. नळाखाली धरू नका, हे आता सांगायला नको. टबाची जाळी, मग आणि नळी वेगळी ठेवा. शेवंतीचे काम आधी करा आणि टबाचे नंतर.

आणताना एक दिवस आधी उपाशी ठेवा. एकात एक दोन पिशव्या घ्या, कोपरे रबराने बांधून गोल करा, नाहीतर मासा कोपऱ्यात अडकतो. तिसरा हिस्सा पाणी, बाकी हवा. वर्तमानपत्रात गुंडाळा, अंधारात तो शांत राहतो. मडगाव ते फोंडा म्हणजे तासभराचा प्रवास, काळजीचे कारण नाही. घरी पोहोचल्यावर पिशवी टबात वीस मिनिटे तरंगत ठेवा, मग दर दहा मिनिटांनी एक वाटी टबाचे पाणी तिच्यात घाला. साळावलीचे पाणी आणि तुमच्या विहिरीचे पाणी यांत बराच फरक असेल, म्हणून हे तासभर चालू द्या. शेवटी मासा हाताने उचलून टबात सोडा, पिशवीतले पाणी ओतू नका.

अंत्रुजवासी

कोकम आला. ताईंनी त्याच्यासोबत त्याच्या दाण्यांचा डबा, एक गुळगुळीत काळा दगड आणि चार पानांची हस्तलिखित सूचना दिली आहे. तिसऱ्या पानावर तो गुरुवारी उपास करतो असे लिहिले आहे.

आज नववा दिवस आणि मला धडकी भरली आहे. त्याच्या कल्ल्यांच्या झाकणांवर बारीक पांढरे ठिपके दिसत आहेत, मिठाच्या कणांएवढे. छायाचित्र जोडले आहे. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग असेल तर औषध आजच सुरू करावे काय?

काळुंदर

औषधाची बाटली खाली ठेवा. ठिपके मोजा आणि कुठे आहेत ते पाहा. छायाचित्रात मला ते केवळ कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या पराच्या पहिल्या जाड काट्यावर दिसतात, ओळीत आणि दोन्ही बाजूंना सारखे. रोगाचे ठिपके अंगभर, शेपटीवर, वाटेल तिथे असतात, मासा अंग दगडाला घासतो, पर मिटून घेतो. हा तसे काही करतो का? करत नसेल तर अभिनंदन. विणीच्या दिवसांत नराला हे येतात. कोकम नर आहे, हे यावरून पक्के झाले.

साळकाठची

एवढी वर्षे मी त्याला ‘तो’ म्हणत होते ते केवळ नावावरून. योगायोगाने का होईना, चुकले नाही.

अंत्रुजवासी

चार आठवडे काल पूर्ण झाले. मध्यंतरी ताईंच्या अडीच फुटांच्या टाकीत जुन्या टाकीतले खडे, दगड आणि दोन्ही स्पंज घालून शेवंतीला हलवले होते. शिंपल्यांची पिशवीही आता घातली आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, पीएच ७.२.

कोकमला सोडण्याआधी दगडांची जागा बदलली, म्हणजे कुणाचीच जुनी जागा राहू नये. संध्याकाळी दिवा बंद ठेवून त्याला सोडले. पहिला अर्धा तास शेवंती फिल्टरमागे होती. मग ती बाहेर आली, त्याच्या शेपटीमागे दोनदा फिरली आणि त्याच्या कल्ल्यापाशी तोंड नेऊन तिने तिथले काहीतरी टिपले. तो हलला नाही. रात्री साडेदहाला पाहिले तेव्हा दोघे ताईंच्या काळ्या दगडाच्या दोन बाजूंना, एकाच दिशेला तोंड करून, तळापासून चार बोटे वर थांबलेले होते. मुलगी रात्री अकरापर्यंत टाकीसमोरून उठली नाही.

आज सकाळी कोकमने तिचा थोडा पाठलाग केला. काळजी करावी का?

काळुंदर

ठिपके असलेला नर पाठलाग करणारच. तिचे खवले निघत नसतील, तिला थांबायला आडोसा असेल आणि ती खात असेल तर करू द्या. फार झाले तर त्याला दोन दिवस पुन्हा टबात ठेवा.

साळकाठची

मी पुण्याला पोहोचले. एक विचारायचे राहिले होते. माझ्याकडे दिवा लागला की कोकम डाव्या कोपऱ्यात येत असे, कारण मी डावखुरी आहे आणि तिथूनच दाणे टाकत असे. तो अजून तिथे जातो का?

अंत्रुजवासी

जातो. बटण दाबले की शेवंती उजवीकडे आणि कोकम डावीकडे वर येऊन उभे राहतात, मध्ये अडीच फूट पाणी. दोन दिवस मुलगी फक्त उजवीकडे टाकून पाहत होती, तो काही हलेना. आता ती आधी डाव्या कोपऱ्यात चार दाणे टाकते आणि मग उजव्या.

काल मात्र शेवंती आपले संपवून डावीकडे गेली होती. तिथे काही उरले नव्हते.